पुसल्याशिवाय पुसू नये

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या दारावर पांढऱ्या ऑइलपेंटनं, रेघा आखून, ठसठशीत अक्षरांत लिहिलं आहे: ‘मले पुसल्याशिवाय काही पुसू नये. – पराते.’

मी मूळचा सातारचा. गणिताचा मास्तर. नोकरीनं नागपुरात आणलं आणि बायकोच्या हौसेनं बेसा भागात फ्लॅट घ्यायला लावला. राहायला आल्यावर पहिल्यांदा हा बोर्ड वाचला तेव्हा मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. या पराते नावाच्या गृहस्थांना आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं आणि मग बाकीची खोली पुसायची, असा काही इकडचा रिवाज असावा असं मला खरोखर वाटलं. सोवळ्याचे नाना प्रकार मी पाहिले होते, पण हा नवीन होता. शेवटी तेव्हाचा वॉचमन शालिकराम माझी दया येऊन म्हणाला, “सर, पयलं पुसणं तोंडाचं, दुसरं पुसणं हाताचं. मले इचारल्याशिवाय काही मिटवू नका, असं म्हणते काका.”

शालिकराम पुढं वर्षभरात नोकरी सोडून आपल्या गावी गेला. त्याचं काम आपल्याला शेवटी पडणार आहे. आधी पराते काका.

केशव पराते. वय सत्तरीच्या पुढं. अंगानं काडी. पूर्ण बाह्यांचा सदरा, खिशात टेस्टर, आणि खांद्यावर लाल काठाचा, धुऊन धुऊन विरलेला पंचा. घराणं विणकरांचं. इतवारीच्या मागच्या एका गल्लीत त्यांच्या वडिलांचे दोन हातमाग होते. काका मात्र तरुणपणीच टेलिफोन खात्यात केबल जोडायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण माणूस धंदा सोडतो, धंदा माणसाला सोडत नाही. सोसायटीच्या कॅमेऱ्यांच्या वायरी काकांनी स्वतः ओढल्या, आणि ओढताना प्रत्येक वायर बोटांत धरून ते ताण बघत होते. ढिली वाटली की म्हणायचे, “ताणा बराबर नाही तं कापड कायचं होते?”

त्या कपाटात आमच्या सोळा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आहे. कपाटाची किल्ली काकांकडे. काकू म्हणतात, “या घरात माहा नंबर सतरावा.”

मी सेक्रेटरी झालो त्या वर्षी एक प्रकार घडला. दुसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब गावाहून परत आलं तर पार्किंगमधली स्कूटर गायब. रेकॉर्डिंग बघायला गेलो, तर चोरीच्या दिवसाचं काही शिल्लकच नव्हतं. डिस्क छोटी, साधी, कॉम्प्युटरमधली. पाच दिवस भरले की सहावा दिवस पहिल्याच्या डोक्यावर लिहायचा, असं त्या यंत्राचं वळण. स्कूटर नेणारा माणूस सोळा कॅमेऱ्यांसमोरून गेला असणार, आणि आमच्याकडे त्याची सावलीसुद्धा नव्हती.

मीटिंग भरली. एकानं सुचवलं, एखाद्या कंपनीकडे सगळं रेकॉर्डिंग इंटरनेटवरून पाठवून द्यायचं, ते लोक सांभाळतात. दर कॅमेऱ्यामागं दर महिन्याला भाडं, आणि ते जन्मभर चालू, हे कळल्यावर खजिनदारांना खोकल्याची उबळ आली. दुसऱ्यानं सांगितलं, रेकॉर्डिंग हवंच कशाला, कॅमेरे दिसले की चोर घाबरतो, आत काही लिहिलं जातंय की नाही हे त्याला काय कळतं? यावर चारपाच माना हलल्यासुद्धा. तेवढ्यात कोपऱ्यातून, मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारे पराते काका उभे राहिले.

“तीस दिवसाचं ठेवून देतो,” ते म्हणाले. “भाडं नाही. दोन चांगल्या डिस्का घेऊन द्या, अन् मंग माह्या मधात येऊ नका.”

कसं, असं मी विचारलं.

“सर, मागच्या भिंतीकडं पाहणाऱ्या कॅमेऱ्याले दिवसभर काय काम असते? भिंत पळून जाते काय? त्यानं काही हाललं तरच लिवावं. पार्किंगवाल्यानं जरासं कमी चित्र काढावं, गाडी ओळखू आली म्हणजे झालं. गेटावरचा अन् लिफ्टजवळचा, ते दोघं मात्र भरपूर लिवतीन, दिवसरात्र. जिथं माणूस येते-जाते तिथं कंजूषी नाही करायची.”

आणि त्यांनी तसं केलंही. कॅमेऱ्यांसाठीच बनवलेल्या, रात्रंदिवस लिहून न थकणाऱ्या दोन डिस्क आणल्या आणि दोन्हींवर एकच मजकूर लिहिला जाईल असं जुळवलं. एक मेली तर दुसरी हातात. वीज गेली तर रेकॉर्डर धापकन बंद पडू नये म्हणून खाली बॅटरी. आणि काही महत्त्वाचं घडलं, भांडण, पडझड, चोरी, तर तेवढा तुकडा त्याच दिवशी उतरवून घ्यायचा आणि तिसऱ्या जागी ठेवायचा. तिसरी जागा म्हणजे काकांच्या घरातल्या देवघराचा खालचा खण. दसऱ्याला काकू त्या खणातल्या डिस्कला हळदकुंकू वाहतात आणि झेंडूचं फूल ठेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

“एका जागी ठेवलं म्हणजे ठेवलंच नाही.” हे काकांचं वाक्य. ते त्यांनी कुठं वापरलं नाही असं ठिकाण नाही. आमच्या शेजारच्या मुलीच्या लग्नात सगळे वधूवरांकडे निघालेले, काका व्हिडिओवाल्याकडे. “दोन जागी हाय न?” तो हसला. काका हसले नाहीत. त्याला समोर बसवून दुसरी प्रत काढायला लावली आणि मगच पंगतीत गेले. त्यांचे चष्मे दोन, किल्ल्या दोन, औषधांच्या चिठ्ठ्या दोन. इतकंच काय, त्या लाल काठाच्या पंच्याचेही त्यांनी मधोमध दोन तुकडे करून, कडा शिवून घेतल्या होत्या. एक खांद्यावर असायचा, एक कपाटात. खांद्यावरच्या तुकड्यानं ते कॅमेऱ्यांच्या काचा पुसत. दुसरं कुठलंही फडकं काचेला लागलेलं त्यांना चालत नसे. “याच्याइतकं नरम कापड आता भेटत नाही,” म्हणायचे.

रोज सकाळी सात वाजता काका ऑफिसात बसत आणि प्रत्येक कॅमेऱ्याचं आदल्या दिवशीचं एकेक मिनिट चालवून बघत. मला ही भाबडी करमणूक वाटायची. एकदा तसं बोललो, तर म्हणाले, “लिवलं म्हणजे झालं नाही सर. वाचता आलं पाहिजे.” पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून दाखवलं. नऊ नंबरच्या कॅमेऱ्यावर कोणीतरी गोधडी वाळत घातली होती आणि दोन दिवस आमची सोसायटी त्या गोधडीचं अत्यंत सुरक्षित, दोन प्रतींतलं रेकॉर्डिंग करत होती. सहा नंबरसमोर एक कडुनिंबाची फांदी होती. ती हलली की कॅमेऱ्याला वाटे कोणी आलं. “फुकट डिस्क खाऊन राहिलं ते झाड,” काका कुरकुरले. मी म्हटलं, छाटून टाकू. ते माझ्याकडे असे पाहायला लागले की मीच खजील झालो. मग त्यांनी पडद्यावर त्या फांदीभोवती एक चौकट आखली आणि इथलं हललेलं मोजू नकोस म्हणून यंत्राला समजावलं.

सगळ्या सोसायटीचं येणंजाणं या एका माणसाच्या डोळ्यांखालून जात होतं. पण पाहिलं ते पोटात. तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई एकदा आल्या, कामवाली किती वाजता येते ते कॅमेऱ्यात दाखवा म्हणाल्या.

“चोरी झाली काय?” काकांनी विचारलं.

“चोरी नाही हो, पण ती आठला आले म्हणते आणि मला वाटतं...”

“मंग तिले पुसा न. तोंड हाय तुम्हाले, तिलेही हाय. यासाठी नाही घेतल्या डिस्का.”

बाई फणकारून गेल्या. मला काकांचं कौतुक वाटलं. पण एक गोष्ट मी तेव्हाच टिपायला हवी होती. जगाला ‘पुसा’ म्हणून सांगणारा हा माणूस स्वतः मात्र कोणाला काही पुसत नसे. पाण्याचा टँकर आला का, शेजारी कुठं गेले, लिफ्ट कोणी अडवली, यातलं काहीही जाणून घ्यायचं असलं की ते उठून कपाटाकडे जात. समोर उभ्या माणसाला विचारणं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. विचारायचंच असलं तर दुसऱ्या कोणाला तरी पुढं करायचे.

त्या कपाटात खालच्या कप्प्यात आणखी एक डिस्क होती. जुनी, पहिली, पाच दिवसवाली. ती पंच्याच्या दुसऱ्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली असे. ती काय आहे हे मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. म्हणजे माझ्या हातून पुढं काय झालं ते तुम्हाला नीट कळेल.

काकांना एक मोठा भाऊ होता, रामाजी. वडिलांच्या मागं माग तोच चालवायचा. काकांनी बेशात घर घेतलं त्या सुमाराला, जुन्या घराची पडकी बाजू सावरायची म्हणून, भाऊ परगावी गेलेला असताना त्यांनी वडिलांचे दोन्ही माग लाकूडवाल्याला देऊन टाकले. भावाला विचारलं नाही. त्यांच्या मते मागावर आता पोट भरत नव्हतं आणि विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता. रामाजी परत आला, रिकाम्या जागेत उभा राहिला, आणि त्यानंतर अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

मी राहायला येण्याच्या आदल्या वर्षी एक दिवस शालिकराम काकांना म्हणाला, “काका, मागच्या आठवड्यात एक म्हातारे गेटावर आले होते, तुमचं पुसत होते. उंच, वाळके, डाव्या पायानं लंगडत.” लंगडणारा उंच माणूस काकांच्या आयुष्यात एकच होता. ते तिथूनच कपाटाकडे पळाले. आठ दिवस झाले होते. यंत्र पाच दिवसांचं. गेटवरचं ते सगळं तीन दिवसांपूर्वीच दुसऱ्या माणसांखाली गेलं होतं.

त्यांनी ती डिस्क तेव्हाच बाहेर काढली, पदरचे पैसे घालून तशीच दुसरी बसवली, आणि दारावर तो बोर्ड रंगवला. इतवारीत जावं की नाही याचा विचार करत त्यांनी आणखी चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी निरोप आला, रामाजी झोपेतच गेला.

तेव्हापासून काका ती डिस्क घेऊन तीन दुरुस्तीवाल्यांकडे जाऊन आले होते. तिघांनीही सांगितलं, वरून लिहिलं गेलं की खालचं गेलं. काकांना ते पटत नव्हतं. एखादा कोपरा कोरा राहिला असेल, चार मिनिटं नाही तर चार सेकंद निघतील, एखादं नवीन यंत्र येईल. तेवढ्या आशेवर ती डिस्क पंच्यात गुंडाळून ठेवलेली होती.

यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं, बरं का.

यंदा मागच्या बाजूला दोन कॅमेरे वाढवायचे ठरले. त्यांना वेगळा छोटा रेकॉर्डर, आणि त्यात घालायला डिस्क हवी. खजिनदार म्हणाले, कपाटात एक जुनी पडून आहे म्हणे, तीच घाला. मी म्हटलं, काकांना विचारून. काका त्या वेळी नात्यातल्या एका मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, उमरेडला गेले होते. मी फोन लावणार तोच त्यांचाच आला. मागं ढोलताशा वाजत होता.

“सर, आज तो बोरकर येईन. गांधीबागचा, कॅमेरेवाला. किल्ली काकूजवळ हाय. त्याच्याकडून त्या जुन्या डिस्कचं पुसून घ्या बरं.”

“जुन्या डिस्कचं?”

“हो. मले लाज वाटते. तुम्हीच घ्या पुसून.”

चार वर्षं मी तो बोर्ड रोज वाचत होतो. अर्थ मला पाठ होता. पण ऐन वेळी माझ्यातला सातारकर जागा झाला. डोक्यात खजिनदारांचं बोलणं, कानात ढोल. आपली जुनी डिस्क कोरी करून घ्यायला या माणसाला लाज कसली वाटते, एवढी शंका मनात आली आणि ढोलाच्या आवाजात गेलीही. मी कपाट उघडलं, पंच्याचा तुकडा सोडला, डिस्क बोरकरांच्या हातात दिली आणि शुद्ध मराठीत सांगितलं, “ही पूर्ण कोरी करा आणि नव्या रेकॉर्डरला लावा.” त्यांनी तसं केलं. बिचाऱ्यांचा काय दोष?

तीन दिवसांनी काका परतले. मी ऑफिसात होतो. कपाट उघडून ते खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. रिकामा तुकडा मी व्यवस्थित घडी करून ठेवला होता.

“सर, हे कोणी सोडलं?”

मी हौसेनं सगळं सांगितलं. तुमच्या सांगण्याप्रमाणे पुसून घेतली, चालू केली, छान चालते आहे. ते हळूच वॉचमनच्या स्टुलावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

“मी पुसाले सांगतलं होतं सर,” ते म्हणाले. “त्याच्याजवळ काही नवं मशीन हाय काय, खालचं वाचता येते काय, असं पुसाले. तुमच्या सातारचं पुसणं नोहतं ते.”

मग त्यांनी मला रामाजीची गोष्ट सांगितली. सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, समोरच्या पडद्यावर गेटकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, “तो पुसाले आला होता सर. त्याले पयले मशीननं पुसलं. मंग राहिलासाहिला आपण.”

‘आपण’ म्हणाले. ‘तुम्ही’ म्हणायला हवं होतं. एका शब्दाच्या दोन अर्थांत मी एका माणसाचा भाऊ घालवला होता, आणि वर चार वर्षं त्याच शब्दावर पाहुण्यांना हसवत आलो होतो.

मग, काहीतरी बोलायचं म्हणून, मी विचारलं, “काका, पण शालिकराम काय म्हणाला होता? भाऊ त्याच्याशी काय बोलले?”

“तुमचं पुसत होते, इतकंच.”

“आणि पुढं?”

“पुढं मी नाही पुसलं.”

पाच वर्षं हा माणूस एका मुक्या चित्राच्या मागं दुकानोदुकानी फिरत होता, आणि ज्या माणसानं समोरासमोर उभं राहून ते ऐकलं होतं, त्याला त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. शालिकराम तर त्यानंतर दोन वर्षं याच स्टुलावर बसत होता.

“काहून नाही पुसलं?” माझ्या तोंडून इकडचाच शब्द गेला.

“शिव्या देऊन गेला असन तं?” काका म्हणाले. “आपल्या कॅमेऱ्याले आवाज नाही सर. म्हणून तं मले ते पाहिजे होतं. चित्रात माणूस तोंड हालवते. शिव्या देते का आशीर्वाद देते, समजत नाही. आपल्या मनानं काही समजून घेता येते.”

शालिकरामचा नंबर सोसायटीच्या रजिस्टरमध्ये होता. मी फोन करू का म्हणून विचारलं. ते उठून गेले. पुढचा आठवडाभर सकाळी सात वाजता येऊन सोळा कॅमेरे तपासायचे, काचा पुसायचे, माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. मग एका रविवारी सकाळी माझ्या दारात उभे. सदरा इस्त्रीचा, खांद्यावर पंचा.

“चला सर,” म्हणाले. “पुसून घेऊ.”

शालिकरामचं गाव उमरेडच्या पुढं. माझ्या स्कूटरवरून आम्ही दोघं गेलो. मिरचीचा हंगाम होता, त्याच्या अंगणभर लाल मिरच्या वाळत होत्या आणि गेल्या गेल्या आम्ही दोघंही शिंकलो. शालिकरामला कोण आनंद झाला. खाट टाकली, पाणी दिलं, चहा झाला. काकांनी मिरचीचा भाव विचारला. पाऊस विचारला. नातवाचं नाव विचारलं. दुसरा चहा झाला. मी न राहवून तोंड उघडलं, तर काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“शालिक,” ते म्हणाले, “तो लंगडा म्हातारा आला होता न गा गेटावर. तो काय पुसत होता?”

शालिकराम गोंधळला. “तुम्ही नाही काय पाह्यलं कॅमेऱ्यात? मी सांगाले आलो तं तुम्ही अर्ध्यातूनच पळाले. मले वाटलं, सगळं पाहून घेतलं. म्हणून मंग म्या काही सांगतलं नाही.”

“नाही पाह्यलं. तू सांग.”

शालिकरामनं डोकं खाजवलं आणि मग अगदी सावकाश सांगितलं. “आले. म्हणे, केशव पराते इथंच राहते काय? म्या म्हटलं, हो, दुसऱ्या माळ्यावर, बलावतो. तं म्हणे, नोको, जेवाचा टाइम हाय, काहून उठवतं त्याले. मंग वर पाहत उभे होते. तुमच्या गॅलरीत पंचा वाळू घातला होता, हाच, लाल काठाचा. म्हणे, तो पंचा कोणाचा? म्या म्हटलं, काकाचाच, दुसरा वापरतच नाही ते. तं हासले. म्हणे, माह्या हातचा हाय तो. अजून फाटला नाही काय? म्या म्हटलं, काय सांगू काकाले? तं म्हणे, फाटला का निरोप दे म्हणा. दुसरा आणून देतो म्हणा.”

काकांनी खांद्यावरचा तुकडा काढला. मला वाटलं डोळे पुसतील. त्यांनी तो मांडीवर ठेवला, काठाला काठ जुळवून घडी केली, मोडली, पुन्हा केली.

“अकरा वर्षं वापरला होता मी तो,” ते म्हणाले. “तो गेल्यावर दोन तुकडे केले. दोन जागी राहावा म्हणून.”

परतताना विहीरगाव मागं टाकल्यावर काकांनी मागून माझ्या खांद्यावर बोटं टेकली. “सर, थांबवा जरा.”

मी स्कूटर बाजूला घेतली.

“तुम्ही बी आयकलं न?”

“ऐकलं, काका.”

“सगळं?”

“सगळं.”

“म्हणून दाखवा.”

रस्त्याच्या कडेला, ट्रक जात असताना, मी गणिताचा मास्तर, वर्गात धडा म्हणणाऱ्या पोरासारखा सगळं म्हणून दाखवायला लागलो. केशव पराते इथंच राहतो का. जेवायची वेळ आहे, कशाला उठवायचं. पंचा कोणाचा. माझ्या हातचा आहे. अजून फाटला नाही का. फाटला की दुसरा आणून देतो.

“‘आणून देतो म्हणा’,” काकांनी दुरुस्त केलं.

“आणून देतो म्हणा.”

“हा. आता बराबर.” ते पुन्हा मागं बसले. पंचा खांद्यावर नीट टाकला. “चला. दोन जागी झालं.”

घरी आल्यावर मी हिशेब केला तर काकांच्या नियमानं अजून एक प्रत कमी होती. तिसरी. म्हणून हे लिहून काढलं. लिहिण्याआधी काकांना पुसलं आहे.